मुलानं कोणते दिवे लावले?

एकुलत्या मुलाला आपल्याकडे वंशाचा दिवा म्हणतात. आणि तोच मुलगा बापाचा चालता व्यवसाय सोडून भलत्या वाटेला लागला, की पुढे काय दिवे लावणार आहे कोण जाणे, असंही आपणच म्हणतो. हे दोन्ही वाक्प्रचार ज्याला अक्षरश: लागू पडावेत असा एक मुलगा एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात होऊन गेला. त्याच्या आजोबांनी समुद्रात दिवे लावले, वडिलांनी लावले, दोन काकांनी लावले. त्या घराचा व्यवसायच मुळी दीपगृहं बांधण्याचा. वडिलांची सारी भिस्त या एका मुलावर होती. आणि वीस वर्षांचा असताना, वडिलांबरोबर फिरायला गेला असता, त्यानं सांगून टाकलं, की मला दीपगृहं बांधायची नाहीत; मला लिहायचं आहे.

तो मुलगा म्हणजे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. ‘ट्रेझर आयलंड’चा लेखक. एका पायाचा, कुबडीवर उड्या मारत चालणारा, खांद्यावर पोपट घेतलेला लाँग जॉन सिल्व्हर ज्यांना शाळेच्या वयात भेटला ते त्याला विसरू शकत नाहीत. डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड ही जोडगोळी तर ज्यांनी पुस्तक उघडलेलंही नाही त्यांच्या बोलण्यात येते. लेखक म्हणून स्टीव्हन्सन आपल्या ओळखीचा आहे. पण तो ज्या घरातून आला त्या घराची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मलाही ती पुस्तकांतून नीटशी कळली नव्हती. ती कळली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर हिंडताना.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही उभयता ॲबर्डीनला भाचीकडे गेलो होतो. भाचीनं तीन आठवड्यांचा कार्यक्रम आखून ठेवला होता. त्यात राजवाडे होते, किल्ले होते, तळी होती. मी तिला म्हटलं, किल्ले आमच्याकडे रग्गड आहेत, मला तुमची दीपगृहं दाखव. अलिबागच्या किनाऱ्यावरून खांदेरीचं दीपगृह पाहत मी लहानाचा मोठा झालो, तेव्हा हे वेड जुनंच. पण खांदेरीचा समुद्र पावसाळ्याचे चार महिने सोडले तर तसा समजूतदार. स्कॉटलंडचा किनारा वेगळा. काळे उभे कडे, त्यांच्या पायाशी दातांसारखे खडक, वर पिसाट वारा, आणि भर जूनमध्ये अंगात स्वेटर. दोनशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर दर हिवाळ्यात जहाजं फुटत आणि माणसं बुडत. दिवा नावाची गोष्ट जवळजवळ नव्हतीच.

आम्ही सुरुवात केली फ्रेझरबर्गपासून. ॲबर्डीनच्या उत्तरेला मोटारीनं तासाभराचा रस्ता. तिथे किनार्ड हेड नावाचं टोक आहे आणि त्यावर सोळाव्या शतकातली एक गढी. १७८६ साली उत्तरेच्या दीपगृहांसाठी सरकारी मंडळ स्थापन झालं आणि पुढच्याच वर्षी, १७८७ मध्ये, या गढीच्या डोक्यावर पहिला दिवा लागला. गढीच्याच छपरातून दीपगृह वर काढलेलं आहे. असं बांधकाम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आता शेजारी स्कॉटलंडच्या दीपगृहांचं संग्रहालय आहे. मोठमोठी काचेची भिंगं तिथे मांडून ठेवली आहेत. माणसाच्या उंचीहून मोठं भिंग, त्याच्या लोलकांत अडकलेला दिवसाचा उजेड, आणि त्यासमोर उभी राहिलेली शाळकरी मुलं. भाचीचा मुलगा तर तिथून हलायलाच तयार नव्हता.

या पहिल्या दिव्याचे कर्ते थॉमस स्मिथ हे मूळचे एडिंबरोतले पत्र्याचे आणि दिव्यांचे कारागीर. व्हेल माशाच्या तेलाचे दिवे आणि त्यांच्यामागे उजेड परतवणारे आरसे ही त्यांची युक्ती. त्याच शहरात जीन नावाची एक विधवा आपल्या मुलाला वाढवत होती. नवरा वेस्ट इंडीजमध्ये तापानं गेला तेव्हा मूल दोन वर्षांचं होतं. मुलानं शिकून धर्मोपदेशक व्हावं अशी तिची इच्छा. पुढे तिनं थॉमस स्मिथ यांच्याशी लग्न केलं आणि मुलगा बायबलऐवजी सावत्र वडिलांच्या कारखान्यात रमला. तो मुलगा म्हणजे लुईचे आजोबा, रॉबर्ट स्टीव्हन्सन. त्यांनी १७९९ मध्ये सावत्र वडिलांच्या आधीच्या लग्नाच्या मुलीशीच लग्न केलं. म्हणजे सावत्र वडील सासरेही झाले. ही नाती उलगडताना आपल्याकडच्या जुन्या आज्यांचीही दमछाक झाली असती. पण गंमत बघा, त्या घराण्यात आईनं ठरवलेली वाट सोडणारा पहिला मुलगा हे आजोबाच होते.

ॲबर्डीनच्या दक्षिणेला आर्ब्रोथ हे मासेमारीचं गाव आहे. तिथून समुद्रात सुमारे १८ किलोमीटरवर बेल रॉक हा खडक. भरतीला तो पूर्ण पाण्याखाली जातो आणि ओहोटीला काही तास तेवढा वर येतो. म्हणूनच जहाजांचा काळ. १८०४ मध्ये ‘यॉर्क’ नावाची ब्रिटिश युद्धनौका सगळ्या माणसांसकट नाहीशी झाली. ती याच खडकावर फुटली असं मानलं जातं. अशा जागी मनोरा बांधायचा कसा? रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी १८०७ मध्ये काम सुरू केलं. पहिल्या उन्हाळ्यात ओहोटीचे दोन-तीन तास खडक खोदायचा, पाणी चढू लागलं की होडीत बसून जहाजावर परतायचं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एक दिवस जहाज नांगर तुटून वाहवत गेलं. खडकावर ३२ माणसं, होड्या दोनच, आणि भरती चढू लागलेली. कामगार खाली मान घालून घण मारत होते. काय झालंय हे आधी एकट्या रॉबर्ट यांच्याच ध्यानात आलं. लोकांना काही सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं तर जीभ कोरडी पडलेली. खाली वाकून त्यांनी खडकाच्या खळग्यातलं खारं पाणी तोंडात घेतलं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की होडी येते आहे. आर्ब्रोथहून टपाल घेऊन निघालेली होडी देवासारखी धावून आली, म्हणून सगळे वाचले.

१ फेब्रुवारी १८११ रोजी बेल रॉकचा दिवा लागला. तो मनोरा आजही उभा आहे. आर्ब्रोथच्या धक्क्यावरून, हवा स्वच्छ होती म्हणून, आम्हाला क्षितिजावर पेन्सिलीची उभी रेघ ओढावी तसा तो दिसला. किनाऱ्यावर सिग्नल टॉवर नावाची पांढरी इमारत आहे, आता संग्रहालय. दीपगृहावरच्या रखवालदारांची कुटुंबं पूर्वी तिथे राहत आणि खडकावरच्या माणसांशी खुणांनी बोलणं चाले. रखवालदाराच्या बायकोला मूल झालं तर मुलगा असल्यास काठीवर विजार आणि मुलगी असल्यास झगा फडकवत, असं तिथे सांगतात. बाप अठरा किलोमीटरवर, मधे खवळलेलं पाणी, आणि दुर्बिणीतून दिसणारी ती इवलीशी विजार! माझी बायको त्या काठीकडे बराच वेळ बघत राहिली.

याच आजोबांबरोबर १८१४ साली सर वॉल्टर स्कॉट दीपगृहांच्या पाहणीच्या बोटीतून सुमारे सहा आठवडे उत्तरेचा समुद्र हिंडले. साहित्य असं या घराच्या बोटीत एकदा बसून गेलं होतं. पुढे रॉबर्ट यांचे तीन मुलगे याच कामात शिरले: ॲलन, डेव्हिड आणि थॉमस. त्यांतल्या थॉमस यांचा मुलगा लुई. आजोबा जुलै १८५० मध्ये गेले आणि लुई त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला जन्मला. चार महिन्यांनी भेट हुकली.

मूल जन्मत:च अशक्त. सतत खोकला, ताप. एडिंबरोतल्या हेरियट रो या रस्त्यावरचं त्यांचं घर अजून आहे. समोर बाग आहे. रात्र रात्र झोप लागायची नाही तेव्हा कमी नावाची दाई त्याला उचलून खिडकीशी न्यायची आणि बागेपलीकडच्या घरांतल्या उजेड असलेल्या खिडक्या दाखवायची. तिथेही कुणी आजारी मूल सकाळ व्हायची वाट पाहत असेल, असं दोघं बोलायची. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लावणारा माणूस शिडी घेऊन यायचा. त्याची वाट पाहणाऱ्या मुलावर लुईनं पुढे एक कविता लिहिली. मोठेपणी त्याच्याबरोबर दिवे लावत फिरावं असं त्या मुलाला वाटतं. ज्याच्या बापाचे दिवे शेकडो मैलांच्या किनाऱ्यावर लागत होते, त्या मुलाला हेवा वाटला तो गल्लीतल्या दिवेवाल्याचा.

आणि बाप कसा होता? थॉमस स्टीव्हन्सन हे कडक धार्मिक, मनानं उदास, शब्दाला पक्के. लाटेचा मार किती जोराचा असतो हे मोजायचं यंत्र त्यांनी केलं. दिव्याचा जवळजवळ सगळा उजेड एकाच दिशेला वळवण्याची आरसे-भिंगांची रचना त्यांनी सुधारली. हवामान खात्याच्या वेधशाळेच्या आवारात चार पायांवर उभी केलेली, झडपांची एक पांढरी पेटी तुम्ही पाहिली असेल. आत तापमापक असतात. पुणे-मुंबईपासून जगभर दिसणारी ही पेटी म्हणजे स्टीव्हन्सन स्क्रीन. ती याच थॉमस यांच्या डोक्यातून निघालेली. पण दीपगृहांच्या शोधांचं पेटंट त्यांनी कधी घेतलं नाही. आपण सरकारचं काम करतो, तेव्हा ते सगळ्यांचं, अशी त्यांची धारणा.

हाच करडा माणूस रात्री अंथरुणावर पडला की स्वत:शीच गोष्टी रचायचा. त्या गोष्टींत जहाजं असत, वाटेवरच्या खानावळी असत, दरोडेखोर आणि म्हातारे खलाशी असत. मुलगा वाईट स्वप्नानं दचकून उठला, की वडील त्याच्या खोलीच्या दाराशी बसून कधी गाडीवान तर कधी खानावळवाला होऊन काल्पनिक संवाद रंगवत, ते थेट मुलाला झोप लागेपर्यंत. मला विचाराल तर लुईच्या लेखनाची सुरुवात या दारापाशी झाली. पण हे त्या दोघांच्याही लक्षात यायला फार वर्षं जायची होती.

मुलगा सतरा वर्षांचा झाला आणि ठरल्याप्रमाणे विद्यापीठात गेला. सुट्ट्यांत वडील त्याला कामांवर पाठवू लागले. १८६८ च्या उन्हाळ्यात तो फाइफमधल्या ॲन्स्ट्रदर या बंदरावर होता. दिवसा धक्क्याच्या कामावर देखरेख आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात लेखन. त्याच वर्षी तो अगदी उत्तरेला विक इथे गेला. तिथे समुद्रात बांध घालण्याचं काम स्टीव्हन्सन बंधूंकडे होतं. लुईनं पाणबुड्याचा जड पोशाख चढवून तळाशी बुडी मारली. त्या दिवसाची मजा त्याला जन्मभर पुरली. विकचा तो बांध मात्र वादळांनी पुन्हा पुन्हा फोडला आणि शेवटी काम सोडून द्यावं लागलं. समुद्रापुढे या घराण्यानं पत्करलेली ती मोठी हार. १८६९ मध्ये वडिलांबरोबर दीपगृहांच्या बोटीतून तो शेटलंडच्या उत्तर टोकाजवळच्या मकल फ्लगा या खडकापर्यंत जाऊन आला. तिथलं दीपगृह वडिलांनी आणि डेव्हिडकाकांनी बांधलेलं.

म्हणजे मुलाला समुद्राचा कंटाळा नव्हता. बेटं, होड्या, खलाशांच्या गप्पा त्याला हव्याच होत्या. नको होती ती त्यानंतरची कचेरी. आकडेमोड, नकाशे, दगडांचे हिशेब. आपल्याकडे इंजिनिअरिंगला घातलेली किती मुलं हे ऐकून मान डोलावतील!

१८७० मध्ये त्याला तीन आठवडे एरिड बेटावर राहावं लागलं. हे बेट पाहायचं म्हणून आम्ही पश्चिम किनाऱ्याला गेलो. ओबानहून बोटीनं मल बेटावर, तिथून अरुंद रस्त्यानं पार दुसऱ्या टोकाला. एरिड हे भरतीपुरतं बेट. ओहोटीला मधली वाळू उघडी पडते आणि माणूस चालत पलीकडे जातो. आम्हीही बूट हातात घेऊन गेलो. पलीकडे गुलाबी ग्रॅनाइटची खाण आहे, दगडी घरांची एक सरळ रांग आहे आणि टेकाडावर छोटीशी पांढरी गोल चौकी आहे. दूर समुद्रात, मलपासून सुमारे २४ किलोमीटरवर, डू हार्टाख या एकाकी खडकावर थॉमस आणि डेव्हिड दीपगृह बांधत होते. त्याचे दगड या बेटावर घडवले जात आणि मग बोटीनं खडकावर नेले जात. १८७२ मध्ये तो दिवा लागला. चौकीतून त्या दिव्याकडे खुणांनी निरोप जात. वीस वर्षांचाही नसलेला लुई इथे दगड मोजायला आला होता. त्यानं वेगळंच काही मोजून नेलं, ते पुढे येईलच.

२७ मार्च १८७१ या दिवशी एडिंबरोच्या एका विद्वत्सभेपुढे त्यानं दीपगृहाच्या थांबून थांबून दिसणाऱ्या दिव्याच्या नव्या रचनेवर निबंध वाचला. त्याबद्दल त्याला रौप्यपदक मिळालं. वडिलांना काय वाटलं असेल! चला, पोरगा मार्गाला लागला. आणि पुढच्या दोनच आठवड्यांत, ८ एप्रिलला, ते बोलणं झालं ज्याचा उल्लेख मी सुरुवातीला केला.

थॉमस तेव्हा ५२ वर्षांचे होते. आश्चर्य म्हणजे त्यांनी आदळआपट केली नाही. आईनं रोजनिशीत नोंद केली आहे की त्यांनी ते फार शांतपणे घेतलं. तोड निघाली ती आपल्याला ओळखीची वाटावी अशीच: इंजिनिअर नाही तर नाही, निदान वकील हो, लेखन काय, रिकाम्या वेळात करता येईल. मुलानं ते मानलं. १८७५ मध्ये तो वकिलीची परीक्षा पास झाला, आणि वकिली त्यानं जवळजवळ केलीच नाही.

खरी ठिणगी पडली ती १८७३ च्या जानेवारीत. वडिलांनी श्रद्धेबद्दल थेट प्रश्न विचारले आणि मुलानं खोटं न बोलता सांगितलं, की तुमच्या धर्मावर माझा विश्वास उरलेला नाही. व्यवसाय सोडला तो बापानं गिळला होता. हे गिळता येईना. आपलं सारं आयुष्य फुकट गेलं असं त्यांना वाटलं. घरात महिनोन्‌महिने सुतकी शांतता होती. पुढे १८७९ मध्ये लुईनं आणखी एक धक्का दिला. फॅनी ऑसबर्न ही त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी, दोन मुलांची आई असलेली अमेरिकन बाई. नवऱ्यापासून दुरावलेली, पण घटस्फोट अजून व्हायचा होता. तिच्यासाठी तो घरी न सांगता जहाजात बसला आणि अमेरिका ओलांडून कॅलिफोर्नियात पोचला. तिथे आजारानं आणि पैशाच्या ओढाताणीनं तो मरणाच्या दारात गेला. तेव्हा एडिंबरोहून तार आली: वर्षाला २५० पौंड देत जाऊ. बापानं मुलाचं पटवून घेतलं नव्हतं; पण त्याला बुडूही दिलं नाही. मे १८८० मध्ये लग्न झालं, सून घरी आली, आणि तिचं नि सासऱ्यांचं उत्तम जमलं. अशा गोष्टी तिकडेही होतात.

आता १८८१ चा उन्हाळा. स्कॉटलंडच्या डोंगरातलं ब्रेमार गाव, बाहेर पावसाची झड, घरात कोंडलेली मंडळी. फॅनीच्या मुलाबरोबर खेळता खेळता लुईनं एका बेटाचा नकाशा रंगवला. त्या नकाशातून गोष्ट निघाली आणि तो रोज एक प्रकरण लिहून घरच्यांना वाचून दाखवू लागला. ऐकायला म्हातारे थॉमसही होते. ही तर त्यांचीच, रात्री अंथरुणात रचलेली गोष्ट! जहाज, खानावळ, म्हातारा खलाशी. ते असे रंगले की त्या खलाशाच्या पेटीत काय काय सापडावं याची यादी त्यांनी स्वत: बसून करून दिली आणि कॅप्टन फ्लिंटच्या जहाजाचं नावही सुचवलं. मुलानं दोन्ही जसंच्या तसं घेतलं. ‘ट्रेझर आयलंड’ १८८३ मध्ये पुस्तकरूपानं आलं. सगळी दीपगृहं एकीकडे ठेवा; बापलेकांनी मिळून केलेलं बांधकाम मला विचाराल तर हेच.

१८८६ मध्ये ‘किडनॅप्ड’ आलं. त्यातला तरुण नायक जहाज फुटून एका बेटावर येऊन पडतो, गोगलगायी खाऊन चार दिवस काढतो, आणि शेवटी त्याला कळतं की ओहोटीला इथून चालत जाता येतं. ते बेट एरिड. नायकाचं आडनाव बालफोर, म्हणजे लुईच्या आईचं माहेरचं नाव. दगड मोजायला गेलेल्या मुलानं भरती-ओहोटी मोजून आणली होती ती अशी.

त्या दिवसांत तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बोर्नमथला राहत होता. घर वडिलांनी सुनेला भेट म्हणून घेऊन दिलेलं. त्या घराला लुईनं नाव दिलं स्केरीव्होर. हे ॲलनकाकांच्या दीपगृहाचं नाव. टायरी बेटापलीकडे उघड्या समुद्रात १८४४ मध्ये लागलेला, ४८ मीटर उंचीचा, देखणा मनोरा. पहिल्या हिवाळ्यात तिथला कामगारांचा लाकडी निवारा वादळानं नाहीसा केला होता, तरी ॲलन यांनी काम सोडलं नाही. आम्ही त्यांचंच आर्डनामर्कन दीपगृह पाहिलं, १८४९ सालचं, एरिडच्या बाजूच्याच गुलाबी दगडाचं. दीडशेच्या वर पायऱ्या चढून गेलं की समोर बेटांची रांग आणि मग नुसता अटलांटिक. साहित्याची ओढ ॲलन यांनाही होती. ते घरच्या कामात राहिले, आणि प्रकृती ढासळून १८५३ मध्ये त्यांना ते सोडावं लागलं. त्यांचा मुलगा बॉब पुढे चित्रकार आणि समीक्षक झाला, लुईचा जिवाभावाचा मित्र. ज्यानं घरचे दिवे लावायला नकार दिला, त्यानं आपल्या दारावर पाटी लावली ती काकांच्या दिव्याची. याला मी पश्चात्ताप म्हणणार नाही. मला ती कृतज्ञता वाटते.

मे १८८७ मध्ये वडील अत्यवस्थ असल्याचं कळून लुई एडिंबरोला धावला. तोवर थॉमस यांची स्मृती गेली होती. त्यांनी मुलाला ओळखलं नाही. दोन दिवसांनी, ८ मे रोजी ते गेले. लुईच्या छातीचं दुखणं असं की डॉक्टरांनी त्याला दफनालाही जाऊ दिलं नाही. मग त्यानं जे येत होतं ते केलं. बसून वडिलांवर लेख लिहिला. जगातल्या समुद्रांवर ज्यांच्या कल्पनेतले दिवे लागतात त्या माणसाचं नाव लोकांना ठाऊक नाही, ही खंत त्यात आहे. मुलाचं नाव मात्र तोवर घराघरांत पोचलं होतं. या विसंगतीची बोच त्याला असणारच.

त्याच वर्षी त्यानं ब्रिटन सोडलं आणि तो पुन्हा कधी परतला नाही. प्रकृतीला मानवेल अशी हवा शोधत तो दक्षिण समुद्रातल्या सामोआ बेटावर स्थिरावला. आई, बायको, सावत्र मुलं असं सगळं कुटुंब तिथे होतं. स्थानिक लोक त्याला तुसिताला म्हणत; म्हणजे गोष्टी सांगणारा. त्यानं त्यांच्या बाजूनं लिहिलं, तुरुंगातल्या सरदारांची विचारपूस केली. सुटून आल्यावर त्यांनी त्याच्या घरापर्यंत स्वत:च्या हातांनी रस्ता बांधून दिला. आणि या नारळीच्या देशात, स्कॉटलंडपासून अर्ध्या जगाच्या अंतरावर, हा माणूस काय लिहीत बसला होता? आपल्या इंजिनिअरांच्या घराण्याचा इतिहास. आजोबांची कागदपत्रं समोर ठेवून बेल रॉकची हकीकत त्यानं दिवसागणिक मांडली. ज्यांना तो कधी भेटला नाही त्या आजोबांच्या कोरड्या पडलेल्या जिभेची गोष्ट त्यानंही पुन्हा सांगितली. तो इतिहास अपुरा राहिला.

३ डिसेंबर १८९४ च्या सकाळी तो एक कादंबरी सांगत होता आणि सावत्र मुलगी उतरवून घेत होती. कादंबरी एका कठोर बापाची आणि त्याच्याशी न पटणाऱ्या मुलाची. संध्याकाळी बायकोला स्वयंपाकात मदत करता करता तो कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. काही तासांत सगळं संपलं. वय अवघं ४४. रातोरात सामोअन लोकांनी जंगल तोडून डोंगरमाथ्यापर्यंत वाट काढली आणि दुसऱ्या दिवशी त्याला खांद्यावरून वर नेलं. तिथून समुद्र दिसतो.

लुईला स्वत:चं मूल नव्हतं. थॉमस यांच्या वंशाचा दिवा या अर्थानं तिथेच विझला. डेव्हिडकाकांच्या मुलांनी आणि नातवानं घरचं काम विसाव्या शतकात नेलं. स्कॉटलंडच्या शेवटच्या दीपगृहावरचा रखवालदार ३१ मार्च १९९८ रोजी उतरला. आता दिवे आपोआप लागतात आणि एडिंबरोतल्या कचेरीतून त्यांच्यावर लक्ष ठेवलं जातं. बेल रॉक, स्केरीव्होर, डू हार्टाख तिन्ही जागच्या जागी आहेत. आणि अजून कुठल्या तरी घरात, पावसाळी दुपारी, कुणी मुलगा ‘ट्रेझर आयलंड’ उघडतो आणि म्हाताऱ्या खलाशाच्या पेटीपाशी येतो. त्या पेटीतलं सामान आजोबांच्या वयाच्या एका इंजिनिअरनं भरून दिलं आहे, हे त्याला ठाऊक नसतं.

आपल्याकडे दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी तेच बोलणं होतं. चालता दवाखाना आहे, चालतं दुकान आहे, आणि पोराच्या डोक्यात भलतंच काही. पोर हट्टी असतं, बाप दुखावलेला असतो, आणि दोघांचंही चुकत नसतं. अशा घराला माझ्याकडे सल्ला नाही. थॉमस यांचंही मन शेवटपर्यंत पुरतं निवलं असेल असं वाटत नाही. पण त्यांनी तार पाठवली, सुनेला घर घेऊन दिलं, आणि मुलानं वाचून दाखवलेली गोष्ट बसून ऐकली. पेटीची यादीही करून दिली. मुलानं कोणते दिवे लावले हे ठरायला कधी कधी एक आयुष्य पुरत नाही. तोवर बापानं एवढं केलं तरी पुष्कळ झालं.